हजार कंठांचा एक सूर : संगीतकार वसंत देसाई

कुडाळ तालुक्यात सोनवडे नावाचे एक लहानसे गाव आहे. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात येते. त्या वेळी तो मुलूख सावंतवाडी संस्थानचा होता. या गावी ९ जून १९१२ रोजी वसंत देसाई यांचा जन्म झाला. कोकणच्या त्या पट्ट्यात गाणे शिकायला शाळा लागत नाही. देवळात भजन, जत्रेत दशावतार, कीर्तनकाराच्या मागे टाळ धरून उभी राहिलेली मुले, असा तिथला शिरस्ता. पेटी, मृदंग आणि झांज यांचा आवाज ज्याच्या कानावर लहानपणापासून पडला, त्याच्या पुढच्या आयुष्यात तो कुठेतरी उमटणारच. वसंतरावांच्या बाबतीत तो शेवटपर्यंत उमटत राहिला.

नमनाला घडाभर तेल न घालता सांगायचे तर, ज्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, पण ज्यांच्या चाली सगळ्यांना पाठ आहेत, अशा माणसाविषयी हा लेख आहे. जुन्नर-आंबेगावच्या कोणत्याही गावातील शाळेसमोर सकाळी परिपाठाच्या वेळी उभे राहा. ‘दो आँखे बारह हाथ’मधील प्रार्थना नाहीतर ‘गुड्डी’मधील प्रार्थना, दोहोंपैकी एक कधी ना कधी ऐकू येईलच. दोन्हींच्या चाली वसंतरावांच्या. पहाटे देवळाच्या कर्ण्यावर लागणारी ‘अमर भूपाळी’मधील भूपाळी, तिची चालही त्यांचीच. आमच्या वर्गातील मैत्रिणींना मी हे नाव विचारले, तेव्हा एकीने ते क्रिकेट खेळत असत काय असे विचारले. तिला हसण्यात अर्थ नाही. मलाही हे नाव कॉलेजात आल्यावरच कळले.

सतरा-अठरा वर्षांचे असताना वसंतराव कोल्हापुरात ‘प्रभात’मध्ये दाखल झाले. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी झाली होती. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. चित्रपट अजून मुका होता. त्यामुळे गाणारा मुलगा म्हणून त्यांना तिथे कोणी घेतले असेल असे समजण्याचे कारण नाही. पडेल ते काम करायचे, सांगतील तिथे उभे राहायचे, आणि कॅमेऱ्यासमोर माणूस कमी पडला तर तोंडाला रंग लावायचा, अशी ती उमेदवारी होती. १९३० च्या ‘खुनी खंजीर’ या मूकपटात ते दिसले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि चित्रपटाला कंठ फुटला. त्याबरोबर या मुलाच्या गळ्यालाही काम मिळाले. ‘प्रभात’च्या पुढील काही चित्रपटांत त्यांनी बारीकसारीक भूमिका केल्या, गाणीही म्हटली.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून असेल, पण वसंतरावांच्या चरित्रातील हा भाग मला फार मोलाचा वाटतो. मोठ्या कलावंतांच्या चरित्रात बहुतेक वेळा घराणे असते, गंडाबंधन असते, वडील नाहीतर मामा आधीच गवई असतात. इथे एक खेड्यातला पोरगा कारखान्यात शिरावा तसा कंपनीत शिरतो, आणि हाताला काम करता करता कानाने शिकतो.

आणि शिकायला माणसे तरी कोण मिळाली! गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. टेंबे म्हणजे नाट्यसंगीत आणि पेटी यांतले मोठे नाव. ‘अयोध्येचा राजा’चे संगीत त्यांचे आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला आली. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुण्यात केशवराव भोळे आले. भोळे यांचा कान पाश्चात्य वाद्यांकडेही होता. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा आमच्या भागातल्या माणसांना जवळचा चित्रपट. आपल्या ओतूरला ज्यांची समाधी आहे, त्या बाबाजी चैतन्यांना तुकोबांचे गुरू मानतात. त्या चित्रपटाचे संगीत भोळे यांचे. त्यातील एक अभंग कवी शांताराम आठवले यांनी लिहिलेला असून तो तुकोबांचाच म्हणून लोकांत खपून गेला. पुढच्याच वर्षी ‘कुंकू’ आला, आणि त्यात भोळे यांनी पार्श्वसंगीतासाठी वाद्येच वापरली नाहीत; घरातले आणि रस्त्यावरचे साधे आवाज तेवढे ठेवले. वाद्य कुठे वाजवायचे हे पुष्कळांना कळते. कुठे वाजवायचे नाही हे शिकवणारा गुरू क्वचित भेटतो. मास्टर कृष्णराव तर भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. त्यांच्या चालीत रागदारी असे, पण ती गाणाऱ्याला दडपून टाकत नसे. या तिघांच्या हाताखाली सात-आठ वर्षे तालमी घेणे, वादक जमवणे, नटाच्या गळ्यात चाल बसवणे, ही कामे वसंतरावांनी केली. संगीताचे विद्यापीठ म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

शांताराम १९४२ मध्ये ‘प्रभात’मधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभे केले. तिथला पहिला चित्रपट ‘शकुंतला’ (१९४३) आणि त्याचे संगीत वसंत देसाई यांचे. एकतीस वर्षांचा, फारसे नाव नसलेला संगीतकार, आणि डोक्यावर नव्या कंपनीचे सगळे भांडवल. चित्रपट धो धो चालला. पुढे तो अमेरिकेतही दाखवला गेला. मग ‘पर्बत पे अपना डेरा’ झाला, १९४६ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जीवनावरील ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ झाला. हे चित्रपट महत्त्वाचे आहेत, पण मला थांबायचे आहे ते यापुढच्या दोन चित्रपटांपाशी. कारण ते आपल्या मातीचे आहेत.

‘लोकशाहीर राम जोशी’ हा १९४७ चा चित्रपट. दिग्दर्शनात बाबूराव पेंटर आणि शांताराम, कथा-संवाद-गीते ग. दि. माडगूळकर यांची, जयराम शिलेदार राम जोशी झाले होते आणि हंसा वाडकर बया. सोलापूरचा एक ब्राह्मण तरुण कीर्तन-पुराण सोडून तमाशाच्या फडात जातो, अशी ती गोष्ट. इथे संगीतकारापुढे मोठा पेच होता. लावणी थिएटरात आणायची, तर ती पांढरपेशा प्रेक्षकाच्या घशाखाली उतरायला हवी. आणि उतरवण्यासाठी तिला फार घासली-पुसली, तर ती लावणी राहत नाही. वसंतरावांनी ढोलकी, तुणतुणे आणि झांज यांना पुढे ठेवले. सवाल-जवाबात शब्दाची फेक राखली. झीलकऱ्यांनी ओळ उचलून धरायची पद्धत राखली. मराठीत तमाशापटांची जी लाट पुढे पंचवीस-तीस वर्षे चालली, तिचा उगम या चित्रपटात आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

याबद्दल माझ्या मनात एक किंतू आहे, तोही सांगते. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर इथल्याच. २००२ मध्ये त्या गेल्या. ज्यांनी ही कला रात्रंदिवस बैलगाडीतून आणि पुढे ट्रकमधून गावोगाव नेली, त्यांची परवड आमच्या भागातील म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिली आहे. अशा वेळी थिएटरातल्या गाद्यांवर बसून पाहिलेली लावणी खरी काय, असा प्रश्न पडतो. माझ्या आजोबांना तर चित्रपटातली ढोलकी पटतच नसे. ती फार धुतलेली वाजते अशी त्यांची तक्रार. आजोबांचे म्हणणे मी अगदी टाकून देत नाही. पण ज्या घरांत तमाशा हा शब्द उच्चारणे पाप होते, त्या घरांत बायका-मुलींनी लावणीची ओळ गुणगुणावी, हे त्या काळी कोणीतरी घडवून आणायलाच हवे होते. ते वसंतरावांनी घडवले. फडावरच्या माणसांचे त्याने किती भले झाले, हा हिशेब वेगळा आहे, आणि तो संगीतकाराच्या एकट्याच्या खात्यावर मांडता येणार नाही.

दुसरा चित्रपट ‘अमर भूपाळी’ (१९५१). दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील शाहीर होनाजी बाळा यांची ही कथा. होनाजी हा गवळी, आणि त्याचा जोडीदार बाळा हा शिंपी. पंडितराव नगरकर होनाजी झाले होते. संध्या यांचा हा पहिला चित्रपट. होनाजीची भूपाळी त्यात पंडितराव आणि लता मंगेशकर यांच्या आवाजात आहे. शब्द जुने, चाल मात्र वसंतरावांनी केलेली. १९५२ मध्ये हा चित्रपट फ्रान्समधील कान महोत्सवात दाखवला गेला. पण त्याहून मोठा मान मला वेगळाच वाटतो. आज ही चाल पेशवाईपासून अशीच चालत आली आहे, असे शंभरांतले नव्वद लोक धरून चालतात. तुकोबांच्या नावावर आठवल्यांचा अभंग गेला, तशी होनाजीच्या नावावर देसायांची चाल गेली. चालीत दिवस उगवल्याचा भास आहे, घाई कुठेच नाही, आणि दोघे गाणारे एकमेकांच्या पुढे जाण्याचा प्रयत्न करीत नाहीत. कर्त्याचे नाव पुसले जाऊन कृती लोकांची व्हावी, हे कलावंताला आवडत असेल का? पैशाच्या दृष्टीने नसेल. पण लोकसंगीताच्या रांगेत नवी चाल कोणाच्या लक्षात न येता जाऊन बसली, याला मी तरी पदक मानते.

१९५३ मध्ये आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ आला. साने गुरुजींचे हे पुस्तक आपण सगळ्यांनी शाळेत असताना वाचलेले आहे. चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. अखिल भारतीय पातळीवरचे हे पहिलेच सुवर्णपदक, आणि ते मराठीला. त्याचे संगीत वसंत देसाई यांचेच. द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला शेला फाडून बांधला, ती कथा सांगणारे आशा भोसले यांनी गायलेले गीत यातलेच आहे. गाण्यात कथा आहे, संवाद आहे, आणि चाल ओवीसारखी सरळ आहे. जात्यावर बसलेल्या बाईलाही ती सहज म्हणता यावी.

पाठोपाठ १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’. रंगीत चित्रपट, गोपीकृष्ण आणि संध्या यांचे नृत्य, आणि शीर्षकगीत गायला साक्षात उस्ताद अमीर खाँ, तेही अडाणा रागात. अमीर खाँ हे ख्यालाचे धिम्या लयीतले गवई. त्यांना चित्रपटाच्या तीन-चार मिनिटांत बसवणे सोपे नव्हते. याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात शिवकुमार शर्मा यांचे संतूर वाजले. त्या वेळी ते विशीतही नव्हते, आणि काश्मीरबाहेर ते वाद्य कोणी फारसे ऐकलेले नव्हते. चार वर्षांनी विजय भट्ट यांच्या ‘गूँज उठी शहनाई’मध्ये (१९५९) वसंतरावांनी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई चित्रपटभर वाजवून घेतली. लग्नाच्या मांडवात बाहेर बसवलेले वाद्य या चित्रपटाने नायकाच्या हातात दिले. मोठ्या कलावंताला बोलवायचे आणि त्याला मोकळे सोडायचे, पण चित्रपटाचा धागा आपल्या हातून सुटू द्यायचा नाही, हे कसब फार थोड्या संगीतकारांजवळ होते.

आता ‘दो आँखे बारह हाथ’ (१९५७). ही कथाही गदिमांची आणि तिचे मूळ महाराष्ट्रात आहे. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी १९३९ च्या सुमारास, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या गृहस्थांच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत काढली. खुनाच्या शिक्षेतले कैदी तिथे भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय शेती करीत. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे. चित्रपटात सहा कैदी आहेत आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर. त्यांच्यासाठी भरत व्यासांनी प्रार्थना लिहिली आणि वसंतरावांनी तिला चाल लावली. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ मध्ये चित्रपटाचा गौरव झाला, राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही मिळाले. ती पदके आता संग्रहालयाची झाली; प्रार्थना मात्र आमच्या शाळेच्या पटांगणात आली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना तीन वर्षे प्रार्थना सांगायला पुढे उभी राहत असे. पेटी नव्हती. गुरुजी टेबलावर पट्टीने ताल देत. एक गोष्ट त्या वेळी कळत नव्हती, ती आता कळते. दुसऱ्या कोणत्याही सिनेमाचे गाणे आम्ही म्हणू लागलो की मध्येच फाटत असे. वरचा सूर लागायचा नाही, नाहीतर श्वास पुरायचा नाही, किंवा एखादी हरकत अडवायची. ही प्रार्थना कधी फाटली नाही. ओळ श्वासापेक्षा लांब नाही. ज्या शब्दावर दम घ्यायचा तिथे चालीनेच जागा ठेवलेली आहे. मुरकी नाही, तान नाही. तेच स्वरवाक्य पुन्हा भेटते, म्हणून पहिलीतले पोरही तिसऱ्या दिवशी बरोबर म्हणू लागते. साधी चाल म्हणजे सोपे काम असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती बांधणाऱ्याला सगळे मोह आवरावे लागतात. अडाणा रागात अमीर खाँना गाववणारा माणूस इथे स्वतःची विद्वत्ता बाहेर ठेवून आत आला आहे.

या चित्रपटानंतर शांताराम आणि वसंतराव यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९५९ च्या ‘नवरंग’चे संगीत सी. रामचंद्र यांनी दिले. १९६६ च्या ‘लडकी सह्याद्रि की’मध्ये ते दोघे पुन्हा एकत्र आले, पण मधला काळ वसंतराव मोठ्या कंपनीच्या आधारावाचून उभे होते. मराठी रंगभूमीने त्यांना हाक मारली. विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) हे नाटक आणि त्यातील प्रसाद सावकार यांनी गाजवलेले गंगेचे पद अजून मैफलीत ऐकू येते. बाळ कोल्हटकर यांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी त्यांनी कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांना एकत्र गायला लावले. वाणी जयराम तेव्हा नवख्या होत्या. पुढे हृषीकेश मुखर्जींच्या ‘गुड्डी’मध्ये (१९७१) मियाँ मल्हारातील पावसाचे गाणे त्यांनीच म्हटले आणि एका गाण्याने त्या सर्वांना ठाऊक झाल्या. ‘आशीर्वाद’मध्ये (१९६८) अशोक कुमार यांनी मुलांसाठी म्हटलेले आगगाडीचे गाणे आहे, त्याची चाल म्हणजे चालत्या गाडीचा ठेकाच.

परंतु त्यांच्या उत्तरायुष्यातील जे काम मला सगळ्यांत मोठे वाटते, ते पडद्यावरचे नाही. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले. ‘छोटा जवान’ (१९६३) या चित्रपटासाठी गदिमांनी लिहिलेले आणि महेंद्र कपूर यांनी गायलेले समरगीत त्या दिवसांत गावोगाव दुमदुमले. वसंतराव मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी शाळांतील मुलांना समूहगान शिकवायला घेतले, आणि मुंबईत हजारो मुले एका मैदानावर उभी करून त्यांच्याकडून गाणी म्हणून घेतली. मुले समोर आणि उंच जागी हे स्वतः, दोन्ही हात वर करून. पाश्चात्य देशांत वृंदापुढे छडी घेऊन उभा राहणारा संचालक असतो, तसे. बेल्जियममधील अँटवर्प शहरात पीटर बेन्वा नावाच्या संगीतकाराने १८७७ मध्ये चित्रकार रुबेन्सच्या त्रिशताब्दीला आपल्या फ्लेमिश भाषेतले गान मोठ्या जनसमूहाकडून उघड्यावर म्हणवून घेतले होते. तिकडे ती परंपराच पडली. आपल्याकडे असा हात वर करून उभा राहणारा माणूस नवा होता.

हे काम किती अवघड, याचा विचार करून पाहा. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदान १७० मीटर लांब असेल तर पुढच्या मुलाचा आवाज शेवटच्या मुलाला अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो. मुलांनी कानाने ऐकून गायचे ठरवले, तर मागची मुले अर्ध्या मात्रेने मागे पडणार आणि सगळ्या गाण्याचा काला होणार. म्हणून कान बाजूला ठेवून डोळ्यांनी गायला शिकवावे लागते. ताल हाताकडे पाहून धरायचा. पट्टीचा प्रश्न वेगळाच. पाचवीतल्या मुलाचा गळा उंच, नववीतल्याचा फुटलेला, मुलींचा तिसराच. सगळ्यांना चालेल असा पल्ला म्हणजे जेमतेम एक सप्तक. त्यातच वीरश्री आणायची, त्यातच भक्ती. शिवाय प्रत्येक शाळेत जाऊन आधी शिक्षकांना चाल बसवायची, मग शिक्षकांनी मुलांना. ज्याला चित्रपटात देशातले उत्तमोत्तम गळे हाताशी होते, त्याने बेसूर मुलांच्या मागे उन्हात का जावे?

मला याचे उत्तर सोनवड्याच्या भजनात सापडते. आपल्या शास्त्रीय संगीतात गाणारा एक आणि ऐकणारे अनेक. पाश्चात्य वृंदगानात गाणारे अनेक, पण प्रत्येक गट वेगळा सूर धरतो आणि त्यांचा मेळ घातला जातो. वारीत यांतले काहीच नसते. दिंडीत शंभर माणसे एकच सूर, एकच चाल धरतात; कोणाचा गळा चांगला, कोणाचा फाटका, पण टाळाच्या ठेक्यात सगळे मिसळून जाते. वसंतरावांचे समूहगान हे दिंडीचे समूहगान होते. त्यांनी त्याला मैदान दिले, शिस्त दिली आणि देव बदलून देश समोर ठेवला. काही जाणकार याला कवायत म्हणून बाजूला सारतात. एकाच सुरात सगळ्यांनी गाणे म्हणजे कला नव्हे, असा त्यांचा आक्षेप. एकट्याच्या गळ्यातून काय निघते एवढ्यावरच कलेचे माप घ्यायचे असेल, तर आक्षेप बरोबर आहे. मग ज्या मुलीला आयुष्यात कोणी गायला सांगणार नाही, तिचे काय? वर्गात जिचा आवाज कोणाला ऐकू येत नसे, अशी आमच्या शाळेतली एक मुलगी प्रार्थनेत मात्र मोकळी गात असे. आता ती संसारात आहे. तिच्या वाट्याला संगीत आले ते एवढेच, आणि ते वसंत देसाई यांचे होते.

ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे गायन झाले. कांचीच्या चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी रचलेले विश्वमैत्रीचे संस्कृत स्तोत्र त्यांनी तिथे म्हटले. कर्नाटक संगीताच्या त्या थोर गायिकेने जगापुढे गायलेल्या या स्तोत्राची चाल सोनवड्याच्या या मराठी माणसाने बांधलेली होती. ज्या हाताने मैदानावरच्या पोरांना ताल दिला, त्याच हाताने हेही केले. माझ्या मते दोन्ही चालींची जात एकच आहे. दोन्हींत मागणे आहे, पण लाचारी नाही.

‘गुड्डी’तली प्रार्थना गुलजार यांची. तिथे तर शाळेचेच दृश्य आहे. मुलींच्या रांगा, उशिरा आलेली नायिका, आणि चाललेली प्रार्थना. चित्रपट पाहताना मला हसू आले, कारण आमच्या शाळेतही उशिरा येणाऱ्या मुली अशाच हळूच मागच्या रांगेत शिरत. ‘दो आँखे’ची प्रार्थना कैद्यांसाठी लिहिलेली, ही मुलींसाठी. पहिली शाळेत पोहोचायला तुरुंगातून यावी लागली, दुसरी जन्मालाच शाळेत आली. आता कित्येक शाळांत सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरी असा क्रम असतो, आणि दोन्ही एकाच माणसाच्या आहेत हे बहुधा सांगणाऱ्या शिक्षकांनाही ठाऊक नसते.

१९७३ मध्ये गुलजार यांच्या ‘अचानक’ला त्यांनी पार्श्वसंगीत दिले, या चित्रपटात एकही गाणे नाही. ‘कुंकू’च्या काळात केशवराव भोळे यांच्याजवळ जे शिकले, ते छत्तीस वर्षांनी असे कामाला आले.

२२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभराचे ध्वनिमुद्रणाचे काम संपवून ते मुंबईत आपल्या इमारतीत परतले. लिफ्टमध्ये पाऊल टाकत असताना अपघात झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वय त्रेसष्ट. हातातले काम अर्धवट नव्हते. ‘शक’ या चित्रपटाची गाणी तयार होती. तो चित्रपट १९७६ मध्ये लागला. त्यात आशा भोसले यांनी म्हटलेले पावसाचे एक गाणे आहे. ग्रंथालयाच्या मागच्या कट्ट्यावर बसून मोबाईलवर मी ते तीनदा ऐकले. तिसऱ्या वेळी आमचे मराठीचे सर मागे येऊन उभे राहिले होते, ते संपेपर्यंत काही बोलले नाहीत.

— द्वितीय वर्ष कला